शंभरात एक्कावन्न

...आणि टिकल्या! अहो, हसू नका, टिकल्याच म्हणतो मी त्यांना... हिरव्या, गोल, मागं डिंक लावलेल्या, माणशी पाच! अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस मी, सदतीस वर्षं काचेच्या कारखान्यात भट्टीपुढं उभा राहिलेला, आणि माझ्या तळहातावर टिकल्या ठेवून ती नगरपालिकेची बाई मला म्हणते, "मिस्टर कोप्चा, तुम्हाला जे महत्त्वाचं वाटतं त्याच्यावर चिकटवा. तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे." आता मत मोलाचं असेल तर ते विचारा की तोंडानं! टिकली कशाला चिकटवायला लावता?

भिंतीवर पाच मोठाले कागद. एकावर घरं, एकावर रस्ते, एकावर बागा, एकावर उद्योगधंदा आणि एकावर नुसतं 'इतर'. मी विचारलं, बाई, पायऱ्या कुठं आहेत? तर म्हणाली, पायऱ्या 'रस्ते' मध्ये येतात. मी म्हटलं, त्या रस्ते असत्या तर त्यांच्यावरून गाडी नसती का गेली? त्यावर ती हसली. वेंडलिंगबाई तिचं नाव. वाईट नाही हो पोरगी, उगाच कशाला खोटं बोला, तीस-बत्तिशीची असेल, रोज चाळीस मैल गाडी हाकत येते आणि पगार काही फार नसावा, बुटांवरून कळतं. पण तुम्हाला सांगतो, ज्या खात्यात ती नोकरी करते ना, तिथं देव जरी नोकरीला लागला तरी सहा महिन्यांत तोही टिकल्याच वाटत फिरेल.

आता तुम्ही म्हणाल पायऱ्या कसल्या. आमचं गाव केस्लर्स बेंड, खाली नदी, वर टेकडी. कारखाना खाली, चर्च खाली, औषधांचं दुकान खाली, बस खाली... आणि माणसं वर! कारण वर जागा स्वस्त होती आणि आमचे आजे स्लोवाकियातून आले तेव्हा त्यांना कुणी विचारलं नव्हतं की तुमचं मत काय. मग नगरपालिकेनं टेकडीवरून खाली एकशे सत्त्याऐंशी पायऱ्या बांधल्या. काँक्रीटच्या, लोखंडी कठड्याच्या, मध्यावर एक बाक. त्या पायऱ्यांवरून मी सदतीस वर्षं कामावर गेलो. आणि आमची डोलोरेस, माझी बायको, दर गुरुवारी सकाळी चर्चच्या स्वयंपाकघरात गेली. तिथं बायका शुक्रवारच्या विक्रीसाठी पिरोह्या करतात, बटाट्याचं सारण भरून, कडेला मुरड घालून, दोन-दोन हजार! आणि तुम्हाला सांगतो, डोलोरेसच्या हातची पिरोही उकळत्या पाण्यात कधी फुटलेली कुणी पाहिली नाही. बाकीच्या बायका नुसत्या गप्पा मारायला यायच्या, मुरड बघायची तर डोलोरेसची.

तर त्या पायऱ्यांचा कठडा पडला, मग वरच्या चाळीस पायऱ्या खचल्या, आणि तीन वर्षांपूर्वी नगरपालिकेनं दोन्ही टोकांना साखळी लावून पाटी टांगली, 'बंद'. त्याच्या पुढच्या वर्षी गाडी चालवताना मला भोवळ आली नि डॉक्टरनं माझं लायसन काढून घेतलं. डोलोरेस गाडी चालवायला शिकलीच नाही कधी. आता खाली जायचं तर वळसा घालून दीड मैल, ट्रक जातात अशा रस्त्यानं, आणि कडेला पाऊल ठेवायला जागा नाही. बर्नी हुडाक, आमच्या शेजारचा, रविवारी प्रार्थनेला नेतो, पण दर गुरुवारी त्याच्या दारात जाऊन 'नेतोस का रे बाबा' म्हणणं डोलोरेसला जमत नाही. तिचंच काय, टेकडीवर कुणालाच जमत नाही. दोन हिवाळे झाले, गुरुवार आला की ती सकाळी आंघोळ करून, केस नीट बांधून, खिडकीशी बसते. त्या बसण्याचं काय करायचं, तुम्हीच सांगा मला!

म्हणून मी जातो. वॉशिंग्टनहून दर वर्षी गावाला पैसे येतात, गरिबांची घरं दुरुस्त करा, रस्ते करा, वस्ती सुधारा म्हणून. पण ते असे हातात पडत नाहीत. आधी पंचवार्षिक योजना करायची! गावातल्या माणसांना विचारायचं, तुमच्या गरजा काय, मग त्याचं दोनशे पानांचं बाड करायचं, मग ते वाचनालयात ठेवायचं, तीस दिवस हरकती व सूचना मागवायच्या. त्याची जाहिरात पेपरात कुठं येते माहीत आहे? जुन्या टायरांच्या आणि हरवलेल्या मांजरांच्या मध्ये! आणि जनसुनावणी कधी? मंगळवारी दुपारी दोन वाजता. दुपारी दोन वाजता कोण मोकळं असतं? मी, बर्नी हुडाक, मिसेस साबोल, आणि एक माणूस जो प्रत्येक सभेला नुसता बिस्किटं खायला येतो. हे आमचं गाव, हा आमचा जनमताचा कौल.

दोन हजार नऊला, कठडा पडला तेव्हा, पहिल्यांदा गेलो. माणशी तीन मिनिटं. मी पायऱ्यांबद्दल बोललो, तेव्हाच्या साहेबानं मान डोलवली, "तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे." बाडात छापून आलं: टेकडीवरच्या पायऱ्या, प्राधान्य उच्च. मी ते पान घरी आणून फ्रिजवर लावलं! दोन हजार चौदाला पुन्हा गेलो, पुन्हा उच्च. एकोणीसला गेलो, पुन्हा उच्च... अहो, पंधरा वर्षं आमच्या पायऱ्या उच्च आहेत, एवढ्या उच्च की तिथपर्यंत कुणाचा हातच पोचत नाही! त्याच पैशांतून खाली चौकात कारंजं झालं. त्याला प्राधान्य काय होतं विचारलं तर मध्यम.

यंदा मात्र मी हट्टाला पेटलो. पाचही टिकल्या 'रस्ते' वर लावल्या, बर्नीच्या पाच मागून घेतल्या, बिस्किटवाल्याच्याही घेतल्या. आणि सभा संपल्यावर वेंडलिंगबाईला गाठलं. म्हटलं, बाई, खरं काय ते एकदा सांगून टाका, आमच्या पायऱ्यांचं घोडं अडलंय कुठं? तिनं इकडंतिकडं बघितलं आणि मला नकाशापुढं नेलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा कुणी मला खरं सांगितलं, याचं श्रेय तिला दिलंच पाहिजे.

झालं होतं असं. वॉशिंग्टनचा नियम असा की वस्तीत काम करायचं तर त्या वस्तीत शंभरात एक्कावन्न माणसं कमी उत्पन्नाची पाहिजेत. पन्नास नाही, एक्कावन्न! आणि नकाशावर आमची टेकडी ज्या चौकोनात आहे ना, त्याच चौकोनात टेकडीच्या पलीकडच्या उतारावरचे डॉक्टरांचे बंगले. त्यांचं आमचं तोंड बघणं नाही, वाट एक नाही, पण शिरगणतीत आम्ही एका ताटात! त्यांचं आमचं उत्पन्न एकत्र कालवलं की आम्ही सगळे सुखवस्तू. म्हणजे पायऱ्या आमच्या खचणार आणि श्रीमंत आम्ही त्यांच्यामुळं.

"पण एक वाट आहे," बाई म्हणाली. "पायऱ्या ज्यांच्या उपयोगाच्या, तेवढ्याच घरांचं वेगळं सर्वेक्षण करता येतं. घरोघरी जाऊन. नाव लिहायचं नाही, फक्त घराचा नंबर, माणसं किती, आणि उत्पन्न या आकड्याच्या वर की खाली, एवढी एकच खूण. पाकीट बंद करून पेटीत टाकायचं. एक्कावन्न भरली तर पायऱ्या याच योजनेत बसवते मी, शब्द देते. पण माझ्याकडं माणूस नाही."

मी म्हटलं, माणूस तुमच्यापुढं उभा आहे.

आणि तुम्हाला सांगतो, तो आकडा जेव्हा मी वाचला ना, मला हसूच आलं. एवढा मोठा आकडा! आमच्या टेकडीवर तो ओलांडणारी सात-आठ घरं निघाली तर निघाली. कारखाना बुडाला तेव्हा पेन्शनी अर्ध्यावर आल्या, अजून तशाच आहेत, इथं सगळे आदल्या दिवसाचा पाव घेऊन खातात. एक्कावन्न काय, ऐंशी भरतील! मी घरी येऊन डोलोरेसला म्हटलं, वसंतापर्यंत तुला पायऱ्यांवरून उतरवतो. ती उठली आणि कपाटातून तिचं पीठ मळायचं एप्रन काढून धुवायला टाकलं.

तर निघालो काठी टेकत, काखेत पेटी. पहिलंच घर मिसेस साबोलचं. बाईच्या छपराला ताडपत्री बांधलेली, थंडीत दोन खोल्या बंद करून एकाच खोलीत राहते. मी कागद पुढं केला. आता नगरपालिकेचं डोकं बघा, कागदावर सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत काय छापलेलं? 'अल्प उत्पन्न कुटुंब सर्वेक्षण'! मिसेस साबोलनं चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. "यूजीन," म्हणाली, "हे तू रस्ता चुकून माझ्याकडं आणलंयस. त्या खालच्या वस्तीतल्या लोकांकडं ने. बिचाऱ्यांना गरज असते." मी म्हटलं, अहो, छपराची ताडपत्री... तर म्हणते, ताडपत्री हौस म्हणून बांधलीय. हौस! वर मला अक्रोडाची पोळी बांधून दिली, डोलोरेसला दे म्हणून. आणि खूण कुठं केली असेल ते तुम्हाला सांगायला नको.

बर्नी हुडाक तर माझ्यावरच उखडला. "गरीब? जीन, माझ्या घराचं कर्ज एकोणऐंशी साली फिटलंय. मी कुणाचं काही लागत नाही." अरे बाबा, कुणी म्हटलं लागतोस म्हणून! आकडा बघ ना! "आकडा मी बघितला. मी सरकारला माझी कीव करायला लावणार नाही." आणि हा माणूस गॅस वाचवायला दिवसभर वाचनालयात जाऊन बसतो!

असं घरामागून घर. आमच्या टेकडीचा स्वभावच तो. त्र्याऐंशी साली कारखान्यानं नऊशे माणसं घरी बसवली, तेव्हा सरकार चीज वाटत होतं, पाच-पाच पौंडांच्या लाद्या, फुकट. इथं आमच्या गावातच वाटायचे. पण टेकडीवरचा एक माणूस रांगेत दिसला नाही! सगळे गेले पलीकडच्या गावात, वीस मैल गाडी घालून, की ओळखीचं कुणी भेटू नये... आणि तिथल्या रांगेत अख्खी टेकडी उभी! पुढं बर्नी, मागं साबोल, मध्ये मी. कुणी कुणाला ओळख दिली नाही. रविवारी चर्चमध्ये भेटलो, काय म्हणतोस, बरं आहे, आणि सगळ्यांच्या घरी महिनाभर चीजचं सँडविच. हसताय तुम्ही, पण पोट खपाटीला गेलं तरी मिशीला तूप लावून हिंडणारी जात ही आमची.

पण म्हणून मी काय सोडतो? तीन आठवडे हिंडलो. जिने चढलो, कुत्री हाकलली, लोकांना समजावलं, बाबांनो, हे भीक नाही, हा आपल्याच कराचा पैसा आहे, चार दिवस पोकळ ऐट बाजूला ठेवा, डोलोरेसकडं बघून तरी ठेवा! रागानं बोललो मी लोकांना. खोटे आहात म्हणालो. तुमच्या या ताठ्यानंच टेकडी मरणार म्हणालो. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि पाकिटं भरून पेटीत टाकली.

शेवटच्या दिवशी दुपारी नगरपालिकेत मोजणी. आम्ही दहा-अकरा जण गेलो होतो, मी बर्नीच्या गाडीतून, बाकीचे साबोलबाईच्या भाच्याच्या मोठ्या गाडीतून. वेंडलिंगबाईनं आमच्यासमोर पाकिटं उघडली, पुन्हा मोजली, तिसऱ्यांदा मोजली. मग पेन्सिल खाली ठेवली. म्हणाली, दोनशे चौदा माणसं. एकशे दहा पाहिजे होती. एकशे आठ आहेत.

दोन. दोन माणसं कमी पडली हो! दोनशे चौदांत दोन!

ती पोरगी रडवेली झाली होती, खरंच सांगतो. म्हणाली, योजना उद्या सकाळी वॉशिंग्टनला जाते, मग पाच वर्षं उघडत नाही. मग आमच्या सगळ्यांकडं नीट बघितलं आणि हळूच म्हणाली, "कुणाची खूण चुकून भलतीकडं झाली असेल तर मी पाच वाजेपर्यंत इथं आहे. घराचा नंबर घालून एक ओळ लिहून द्या, मी दुरुस्त करते. कुणाला कळणार नाही. खरंच, तुमचं मत..." आणि थांबली. ते वाक्य तिला पुरं करवेना.

आणि खोलीत काय झालं सांगू? काही नाही! अकरा माणसं आपापल्या बुटांकडं बघत बसली. मिसेस साबोलनं पर्स उघडली, आत बघितलं, बंद केली. कुणी छताकडं बघतंय, कुणी नकाशाकडं. जिथं अकरापैकी दहांनी थाप मारलीय, तिथं हात वर करणार कोण?

हळूहळू एकेक उठून गेला. राहिलो मी आणि बर्नी. मला घरी न्यायचं तर त्यालाच होतं, तेव्हा तो थांबणारच. पण साडेचारला तो म्हणाला, "जीन, तू गाडीत जाऊन बस, मी आलोच." मी म्हटलं, नको, तू गाडी गरम कर, मी जरा नकाशा बघतो. तो म्हणाला, नकाशा काय बघायचाय? मी म्हटलं, असाच. तो म्हणाला, मग मीही थांबतो. पावणेपाचला मी म्हटलं, तुला बाथरूमला नाही का जायचं? तो म्हणाला, नाही, तुला? मी म्हटलं, नाही. पाचाला दहा मिनिटं कमी होती तेव्हा आम्ही दोघं त्या बाईच्या टेबलाच्या दोन बाजूंना उभे, खिशात हात, आणि टेबलावर कोरा कागद नि पेन्सिल. तुझ्या पाया पडतो, जा रे मेल्या बाहेर, असं मी मनात म्हणत होतो. आणि शपथेवर सांगतो, तोही हेच म्हणत होता.

आता तुम्ही विचाराल, बर्नीचं समजलं, तुम्ही का थांबला होतात?

सांगतो. लपवण्यात आता काय अर्थ आहे! पेटी घेऊन निघायच्या आदल्या दिवशी आमचा कागद भरायला मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. समोर डोलोरेस बटाटे सोलत होती. लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली, आणि कारखाना बुडाल्यापासून दर महिन्याला ती विचारते, जीन, भागतंय ना रे, आणि दर महिन्याला मी सांगतो, अगं, आपल्याला काय कमी आहे. पेन्शन किती कापली गेली ते तिला मी आजतागायत सांगितलेलं नाही. मी पेन्सिल उचलली तशी ती मान वर करून बघायला लागली, नुसती, सहज. आणि माझा हात आपोआप 'वर' च्या चौकोनाकडं गेला. म्हटलं, एका घरानं काय फरक पडतोय! ऐंशी भरणार आहेत!

बर्नी एकटा राहतो. त्याच्या एकट्यानं भागलं नसतं. आमच्या दोघांनी भागलं असतं.

पाचाचे ठोके पडले. वेंडलिंगबाईनं कोट घातला, दिव्याच्या बटणावर हात ठेवला आणि आम्हाला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय का?" आम्ही दोघं एका सुरात म्हणालो, नाही. तिनं दिवा घालवला. मी जाता जाता तिला म्हणालो, बाई, तुमचा काही दोष नाही. एवढं एक खरं बोललो मी त्या दिवशी. गाडीत बर्नी नि मी यंदाच्या थंडीबद्दल बोललो. फार थंडी पडणार नाही असं दोघांचंही मत पडलं.

घरी आलो तर डोलोरेस दारातच. तोंड बघूनच समजली ती. कोट काढून घेतला, सूप वाढलं, समोर बसली. मी सांगितलं, दोन माणसं कमी पडली. पाच वर्षांनी बघू म्हणाले. पाच वर्षांनी मी त्र्याऐंशीचा, ती ऐंशीला टेकलेली. तिनं टेबलावरचे पावाचे कण बोटानं गोळा केले. मग म्हणाली, "रागावून नाही विचारत, जीन. पण टेकडीवर राहून 'वर' ला खूण करणारं ते जोडपं कोण असेल रे?"

मी सूप ढवळलं. म्हटलं, "असेल कुणीतरी, खाऊनपिऊन सुखी."